दुआ, दवा आणि दाम

रमजानच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. तरावीहची नमाज आटोपून आलो की जेवणाच्या टेबलावर वही उघडायची आणि जकातीचा हिशोब मांडायचा. मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही जकातीची मर्यादा. तेवढी शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने आपल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरजूंना देणं बंधनकारक आहे. आमच्या हनफी पद्धतीत बाईच्या अंगावरचे दागिनेही या हिशोबात धरतात. म्हणून दरवर्षी माझी पत्नी कपाटातून स्टीलचा डबा काढते, एकेक वस्तूचं वजन सांगते आणि मी ते लिहून घेतो. सोनं तिचं, जकात तिची, अक्षर माझं.

या वहीतलं 2018 सालचं पान मी अजून फाडलेलं नाही. त्या पानावर ‘सोने’ या शब्दासमोर एक आडवी रेघ आहे. डबा त्या वर्षी रिकामा होता. चोरी झाली नव्हती, घर बांधलं नव्हतं, कुणाचं लग्नही नव्हतं. अकरा तोळे सोनं दोन वर्षांत मूल व्हावं म्हणून केलेल्या उपचारांत गेलं होतं, आणि मूल झालं नव्हतं.

ही गोष्ट मी आजवर लिहिली नाही. रमजानच्या पानावर इबादतीविषयी, सेवयांविषयी, आमच्या मिरजेतल्या इफ्तारच्या बाजाराविषयी लिहावं, असाच माझाही शिरस्ता. पण गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन घरी आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाला सात वर्षं झाली. चहा घेऊन झाल्यावर बायको आत गेली आणि तो खाली बघत म्हणाला, ‘‘सर, एक विचारू? तुम्ही पैशाचं कसं केलंत?’’

कोणता डॉक्टर चांगला, कोणत्या दर्ग्याला जावं, कोणता काढा घ्यावा हे आम्हाला शंभर जणांनी सांगितलं होतं. पैशाचं मात्र कुणी बोललं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या मुलाला मी जे सांगितलं, तेच आज सगळ्यांसाठी लिहितो आहे.

सगळ्यांत स्वस्त तपासणी सगळ्यांत शेवटी

आमचं लग्न 2008 चं. दोन-तीन वर्षं गेली आणि घरात कुजबुज सुरू झाली. मग पत्नीच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्ताच्या, हार्मोन्सच्या, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, शेवटी भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवी फाइल, पुन्हा त्याच तपासण्या. चार वर्षांत लाखाच्या आसपास रक्कम गेली. सगळं काही ‘नॉर्मल’ येत होतं.

या चार वर्षांत माझी तपासणी झाली नाही. एका डॉक्टरीण बाईंनी दोनदा लिहून दिली, मी दोनदा चिठ्ठी खिशात घालून विसरलो. विसरलो हा शब्द खोटा आहे, मी टाळलं. शुक्रजंतूंची ती साधी तपासणी काही शेकड्यांत होते, भूल लागत नाही, सुई लागत नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही प्राध्यापक आहात. तुम्हालाही मी समजावून सांगायचं का?’’ तेव्हा गेलो. रिपोर्ट आला. संख्या कमी, हालचालही कमी. अडचण माझ्याकडे होती.

त्यानंतर जे झालं, ते लिहिताना मला आजही लाज वाटते. रिपोर्ट मी घरात कुणाला दाखवला नाही. पत्नीला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. त्याच वर्षी रमजानमध्ये मोठ्या फुफींच्या घरी इफ्तारची दावत होती. बायकांच्या दस्तरखानावरून आवाज आला, ‘‘क्या दुल्हन, खुशखबरी कब सुनाते? हमारे बच्चे की उमर निकलती ना!’’ दुसरी कुणीतरी म्हणाली, ‘‘दूसरी कर दो उसकी.’’ हसण्यावारी गेलं सगळं. मी पडद्याच्या या बाजूला बसून खात राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर तो विषय तिथेच संपला असता. रोजा सोडल्यावर मी दुआ मागितली, पण सत्य बोललो नाही. घरी येताना रिक्षात पत्नी एवढंच म्हणाली, ‘‘आप खाते रहे.’’

हा केवळ माझ्या घरचा किस्सा म्हणून सोडून देऊ नका. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बायकोकडच्या कारणाबरोबर असतं, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगतं आहे. तरी आपल्याकडे, मोहल्ल्यात आणि गल्लीत, वाड्यात आणि वस्तीवर, तपासणीची रांग बाईपासून सुरू होते. हा अन्याय तर आहेच, पण शुद्ध व्यवहाराच्या दृष्टीनेही हा तोटा आहे. आमचे लाखभर रुपये आणि तिच्या वयाची चार वर्षं एका काही शेकड्यांच्या तपासणीआधी खर्च झाली. या उपचारांत वय हा सर्वांत महाग माल आहे. तो कुठल्याही पतसंस्थेत उसना मिळत नाही.

बिल नेमकं कशाचं असतं

भारतात वैज्ञानिक नोंदींसह जन्मलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते यश. त्याआधी 1978 मध्येच कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे करून दाखवलं होतं. त्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. सांगायचा मुद्दा असा की हे तंत्र आपल्या देशात सरकारी आणि महापालिकेच्या पैशावर, संशोधकांच्या घामावर उभं राहिलं. आज मात्र ते बहुतेक ठिकाणी खासगी आहे.

आम्हाला पहिल्यांदा सांगितलेला आकडा नव्वद हजारांचा होता. ‘पॅकेज’ हा शब्द मी तोवर सहलीच्या जाहिरातीतच वाचला होता. प्रत्यक्षात त्या फेरीला एक लाख नव्वद हजार लागले. कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. आम्ही विचारलंच नव्हतं की या नव्वद हजारांत काय नाही. त्यात इंजेक्शनं नव्हती. अंडाशयात एकाऐवजी अधिक बीजं तयार व्हावीत म्हणून दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि निम्मा खर्च तिथेच होतो. त्यात सोनोग्राफ्या नव्हत्या, भूलतज्ज्ञाची फी नव्हती. शुक्रजंतू दुबळे असले की प्रयोगशाळेत एकेक शुक्रजंतू सुईने बीजात सोडावा लागतो, त्या ‘इक्सी’चे पैसे वेगळे. उरलेले भ्रूण गोठवून ठेवायचे तर त्याचं वर्षाचं भाडं वेगळं. पुढे ते वापरायचे तर त्या प्रक्रियेचा खर्च पुन्हा वेगळा. आणि जे कुठल्याच कागदावर येत नाही ते म्हणजे पुण्याचे रेल्वेचे हेलपाटे, लॉजचं भाडं, बिनपगारी रजा. दुकानदाराला दुकान बंद, शिलाई करणाऱ्या बाईला महिन्याचा रोज बुडालेला.

आज खासगी केंद्रात एका फेरीला सगळं धरून साधारण दीड ते अडीच लाख लागतात. आणि ही एका प्रयत्नाची किंमत आहे, बाळाची नाही. बाई पस्तिशीच्या आत असली तरी एका फेरीत बाळ हाती येण्याची शक्यता साधारण तीनात एक. चाळिशीनंतर ती झपाट्याने खाली जाते. म्हणजे ज्याने एका फेरीपुरते पैसे जमवले, त्याने अर्ध्या रस्त्याचं तिकीट काढलं आहे. हे आधी कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी आशा ऐकून घेत नाही.

पैसे येतात कुठून

त्या केंद्राच्या प्रतीक्षागृहात मी जे पाहिलं ते कुठल्याही सर्वधर्म परिषदेत दिसणार नाही. तासगावकडचा द्राक्षबागायतदार, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, बेळगावहून आलेली शिक्षिका, आम्ही. हातात फाइल, मांडीवर डबा. दोन-चार भेटींनंतर बायका एकमेकींशी बोलू लागतात, पुरुष टीव्ही बघत राहतात. पण एकदा तो बागायतदार आपण होऊन म्हणाला, ‘‘गुरुजी, बागेला औषध मारायचं का बायकोला इंजेक्शन द्यायचं, एवढाच हिशोब चाललाय बघा यंदा.’’ त्याने सोसायटीचं पीककर्ज इकडे वळवलं होतं. हंगाम चांगला निघाला तर ठीक, नाहीतर वसुली दारात.

यंत्रमाग कामगाराच्या बायकोने दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांकडून गटकर्ज काढलं होतं, कागदावर कारण शिलाई मशीनचं. आठवड्याचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका दारात येतात, म्हणून तिने उपचार सुरू असतानाही काम सोडलं नव्हतं. शिक्षिकेने आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज घेतलं होतं. आम्ही सोनं विकलं.

भिशी हा आपल्या गावांतला खरा बँकर. महिन्याला दहा जणांनी पाच-पाच हजार काढायचे आणि एकाने उचलायचे. व्याज नाही, कागद नाही, शब्दावर चालतं. दुसऱ्या फेरीच्या वेळी कॉलेजातल्या स्टाफच्या भिशीत माझा नंबर आठवा होता. मला पैसे आत्ताच हवे होते, आणि व्याजाचं कर्ज मला माझ्या श्रद्धेमुळे नको होतं. मराठीच्या विभागातल्या सरांनी आपला दुसरा नंबर मला दिला. कारण विचारलं नाही. मी म्हणालो, लिहून देतो. तर म्हणाले, ‘‘लिहायला आपण काय परके आहोत का?’’ आमच्याकडे बिनव्याजी, सवलतीने फेडायच्या कर्जाला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात, म्हणजे सुंदर कर्ज. त्याचे वाज मी मशिदीत कितीदा ऐकले होते. ते मला प्रत्यक्षात दिलं एका वारकरी माणसाने.

पण बहुतेक घरांत पहिला हात जातो तो बाईच्या सोन्यावर. आमच्याकडे त्यात महेरचं सोनं असतं, हिंदू घरांत स्त्रीधन. दोन्ही कायद्याने आणि धर्माने तिचं एकटीचं. माझ्या पत्नीने स्वतः डबा पुढे केला हे खरं, पण ज्या घरात मूल नसल्याचा ठपका तिच्यावर आहे, तिथे ती नाही म्हणू शकली असती का? दोष माझ्या शरीरात, इंजेक्शनं तिच्या पोटात, टोमणे तिच्या कानात आणि सोनंही तिचंच. असा हिशोब कुठल्याही वहीत बसत नाही.

विमा, सरकार आणि आपला आवाज

दुसरी फेरीही निष्फळ ठरल्यावर एका रात्री मी माझ्या आरोग्य विम्याचे कागद नीट वाचले. अपघात होता, हृदय होतं, मोतीबिंदू होता. वंध्यत्वाचं नाव होतं, पण न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत. विमा पॉलिस्यांतल्या प्रमाणित अपवादांत हे कलम आजही आहे. काही कंपन्या जादा हप्ता आणि काही वर्षांच्या प्रतीक्षेनंतर थोडी रक्कम देतात. ज्यांना उद्या उपचार लागू शकतात त्यांनी लग्नानंतर लवकरच हे विचारून घ्यावं. आयुष्मान भारतच्या कार्डावरही हे उपचार मिळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला आजार मानते, आणि 2023 मध्ये तिने सांगितलं की जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी याला तोंड द्यावं लागतं. आपल्या गल्लीतली घरं मोजा. आणि आपल्याकडची कारणं बघा. बाईच्या जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचं एक मोठं कारण आहे. क्षयाचं औषध सरकार फुकट देतं, पण त्याने मागे ठेवलेल्या बंद नलिकांचं पुढे काय, याचं उत्तर देत नाही. ‘लोकसंख्या एवढी आहे, यांना मूल कशाला’ असं म्हणणारे भेटतात. लोकसंख्येचा भार नेमका ज्यांच्या घरात पाळणा नाही त्यांच्याच डोक्यावर का? दुसऱ्याच्या घरात तीन मुलं असणं हे माझ्या घरात एकही नसण्यावरचं औषध होऊ शकत नाही.

काही होतच नाही असंही नाही. गोव्याने 2023 मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ मोफत देणारं केंद्र सुरू केलं. मुंबईत कामा रुग्णालयातही सरकारी केंद्र उभं राहिलं आहे. पण मिरज-सांगलीच्या माणसाला मुंबई किती लांब आहे, हे तिथे राहायला जागा शोधताना कळतं. आमच्या गावाला दवाखान्यांचं गाव म्हणतात. कर्नाटकातून रुग्ण इथे येतात. प्रत्येक विभागातल्या एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असं केंद्र असावं आणि निदान एका फेरीचा खर्च सरकारी योजनेतून मिळावा, ही मागणी अवास्तव नाही. 2021 च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, बाईचं वय 21 ते 50 आणि पुरुषाचं 21 ते 55 अशी मर्यादा घातली, तक्रारीची सोयही करायला लावली. दरांविषयी मात्र तो गप्प आहे. रस्ता, पाणी, गटार यांसाठी आपण निवेदनं देतो; यासाठी एकही निवेदन जात नाही, कारण निवेदनावर सही करायची तर आधी कबूल करावं लागतं.

धर्म काय म्हणतो

मुस्लिम घरांत आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात येतो, हे जायज आहे का? इजिप्तच्या अल-अजहरने 1980 मध्येच फतवा दिला की नवरा-बायकोचंच बीज असेल आणि निकाह कायम असेल तर हे उपचार घेता येतात. 1986 मध्ये अम्मान इथे भरलेल्या इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीतही हाच कौल मिळाला. तिसऱ्या व्यक्तीचं बीज मात्र सुन्नी उलेमा मान्य करत नाहीत; शिया आलिमांत याविषयी मतभेद आहेत. तेव्हा ‘टेस्ट ट्यूब म्हणजे हराम’ असं सांगून कुणाची वर्षं वाया घालवू नका. ज्याला शंका आहे त्याने मुफ्तींना विचारावं, फुफींना नव्हे.

उपचार घेणाऱ्या बाईला रमजानमध्ये रोजे झेपणार नसतील, तर आजारी माणसाला जी सवलत आहे ती तिलाही आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. माझ्या त्या विद्यार्थ्याची बायको इंजेक्शनांच्या काळात रोजा सुटला म्हणून रडत होती. तिला मी तेच सांगितलं. सवलतही देणाऱ्यानेच दिलेली आहे.

कुरआनात वृद्धपणी मुलासाठी आर्जव करणाऱ्या हजरत जकरियांची कथा आहे. ती आपण आशेची कथा म्हणून सांगतो. पण त्याच ग्रंथात हेही आहे की अल्लाह कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही आणि कुणाला काहीच नाही. चौथा गटही त्याचाच, शिक्षा झालेल्यांचा नव्हे. हजरत आएशांना मूल नव्हतं. तरी बहिणीच्या मुलावरून त्यांना ‘उम्मे अब्दुल्लाह’, म्हणजे अब्दुल्लाहची आई, असं संबोधलं जाई. आज चौदाशे वर्षं आम्ही त्यांना सगळ्या मोमिनांची आई म्हणतो. आणि आमच्याच घरात लेकरू नसलेल्या सुनेला न्हाऊ-माखू घालायच्या कार्यक्रमात मागे बसवतो.

दुसऱ्या निकाहचा सल्ला देणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे की मुलाची तपासणी झाली का? माझ्या बाबतीत दुसरा निकाह झाला असता तर दोन बायकांची आयुष्यं वाया गेली असती आणि रिपोर्ट तोच राहिला असता. ज्यांच्याकडे दुसऱ्या लग्नाची पद्धत नाही, तिथे सुनेला माहेरी पाठवतात. पद्धत वेगळी, दोष झाकण्याची रीत एकच.

आणि आता जकातीचं. जकात ज्यांना देता येते अशा आठ प्रकारच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपण दरवर्षी मदरसा, विधवा, आजारी शेजारी यांना शोधून देतो, ते योग्यच. पण उपचाराच्या कर्जाने पिचलेलं जोडपं आपल्या यादीत कधी येत नाही, कारण ते मागत नाही. कपडे नीट, मोटारसायकल दारात. आपल्या आलिमांना विचारून या रमजानमध्ये अशा एका घराचं कर्ज हलकं करता येतं का ते पाहा. ज्यांना जकात लागू होत नाही, त्यांना कर्ज-ए-हसना द्या. मोहल्ल्याच्या बैतुलमालने, गल्लीच्या गणेश मंडळाने, बचत गटाने थोडी रक्कम बिनव्याजी उपचारांसाठी बाजूला ठेवली, तर मायक्रोफायनान्सच्या दारात जाणारी एक तरी बाई परत फिरेल.

त्या मुलाला मी काय सांगितलं

पहिलं, आधी तुझी तपासणी कर, उद्याच. दुसरं, केंद्र नोंदणीकृत आहे का बघ आणि संपूर्ण खर्च लेखी माग. ‘यात काय नाही’ हा प्रश्न विचार. बायकोच्या वयात आणि तुमच्या अडचणीत यश किती, हेही विचार. भिंतीवरचे बाळांचे फोटो म्हणजे उत्तर नव्हे. तिसरं, सुरू करण्याआधी दोघांनी बसून ठरवा की किती फेऱ्या आणि किती रक्कम, आणि ते कागदावर लिहा. निष्फळ फेरीनंतरच्या दुःखात माणूस घर विकायला निघतो. मी निघालो होतो. पत्नीने मला थांबवलं. म्हणाली, ‘‘बस. अब हम दोनों बचना.’’ चौथं, सावकाराकडे जाऊ नको आणि धंद्याचं भांडवल मोडू नको. पाचवं, तिचं सोनं वापरलंस तर ते कर्ज समज.

हे शेवटचं मी स्वतः उशिरा शिकलो. 2018 च्या त्या कोऱ्या पानाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं, ‘देणे: अकरा तोळे’. रुपयांत नाही, वजनात. सोनं महागत गेलं, माझं देणं वाढत गेलं, पण बरोबर तसंच व्हायला हवं होतं. दर ईदला थोडं थोडं आणत गेलो. गेल्या वर्षी शेवटची अंगठी आणली आणि रेघ मारली. फुफींच्या घरी जाऊन मी ते वाक्यही बोललो, सगळ्यांसमोर, की कमी माझ्यात होती. फुफी बराच वेळ गप्प होत्या. मग उठून त्यांनी माझ्या पत्नीच्या डोक्यावर हात ठेवला. सात वर्षं उशिरा झालं, पण झालं.

दत्तक का घेतलं नाही, असं विचारतात. मुस्लिम जोडप्यांनाही बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि यतीम मुलाला वाढवण्याचं पुण्य इस्लाममध्ये फार मोठं आहे. आम्ही विचार केला, प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची होती, आमची वयं सरकत होती. आज एका यतीम मुलीच्या शिक्षणाचा खर्च आम्ही उचलतो. तो मुलाला पर्याय नाही, ते वेगळं नातं आहे. दुसऱ्याला दत्तकाचा सल्ला देणं सोपं असतं; देणाऱ्याला स्वतःला एक अर्ज भरायचा नसतो.

यंदाचा हिशोब परवाच झाला. डब्यात अकरा तोळे आहेत, अडीच टक्के काढले. त्यातलं कुणाला किती, हे पत्नीने ठरवलं, जकात तिची आहे. यादीत पहिलं नाव एका कर्जात असलेल्या घराचं आहे. कुणाचं ते मी लिहिणार नाही.

ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याला या, मोहल्ल्यातले या, गल्लीतले या. कुणाच्या घरी नवं जोडपं भेटलं तर शिक्षणाचं विचारा, धंद्याचं विचारा, द्राक्षांना भाव काय मिळाला ते विचारा. खुशखबर असेल तर ते स्वतः सांगतील.